निळी जागा आणि उसना परवाना

संध्याकाळी सहानंतर अल मनखूलमध्ये गाडी लावण्यासाठी जागा शोधणे हा बर दुबईतील रहिवाशांच्या दिनक्रमाचाच एक भाग होऊन बसला आहे. बुर्जुमानच्या मागच्या गल्ल्या, कुवेत स्ट्रीटच्या आजूबाजूचे रस्ते, हॉटेल-अपार्टमेंटच्या रांगा अशा तीन-चार फेऱ्या मारूनही जागा मिळत नाही. अशा वेळी चाकाच्या खुर्चीचे चिन्ह असलेली एक निळी जागा रिकामी दिसते आणि मनाशी हिशेब सुरू होतो. किराणा तर घ्यायचा आहे, दोन मिनिटे लागतील, इंजिन चालूच ठेवू, शिवाय आत कुणीतरी बसलेले आहेच. नेमक्या त्या दोन मिनिटांत ती जागा ज्यांच्यासाठी राखलेली आहे ते कुटुंब येऊन पुढे निघून गेले, तर ते कुणाला कळतही नाही.

पुढे जाणे म्हणजे काय, हे या परिसरात नीट समजून घ्यायला हवे. मनखूल-करामा पट्ट्यात रिकाम्या भूखंडांवर, वाळूत, गाड्या लावण्याची जुनी सवय आहे. धडधाकट माणसाला तिथून चालत यायला पाच मिनिटे लागतात. चाकाच्या खुर्चीची पुढची लहान चाके मात्र वाळूत रुततात आणि ढकलणारा कितीही बळकट असला तरी खुर्ची हलत नाही. जुलैच्या उन्हात हा प्रकार त्रासदायक न राहता धोकादायक ठरतो. दुसरा मुद्दा रुंदीचा. साधी जागा साधारण अडीच मीटर रुंद असते, तर भारतीय मानकांनुसार अपंगांसाठीची जागा किमान ३.६ मीटर असावी लागते. गाडीचा दरवाजा पूर्ण उघडून, शेजारी खुर्ची लावून, आसनावरून खुर्चीत सरकता यावे यासाठी ही जादा रुंदी असते. त्यामुळे दारापासूनचे अंतर हा प्रश्नाचा अर्धाच भाग ठरतो. शेजारच्या आखलेल्या पट्ट्यावर डिलिव्हरीची एखादी मोटारसायकल उभी राहिली, तरी ती जागा निरुपयोगी होते.

कायदा या बाबतीत ढिला आहे, असे म्हणता येणार नाही. २००६ च्या संघराज्य कायदा क्रमांक २९ ने अमिरातीत अपंगांच्या हक्कांना वैधानिक आधार दिला. एप्रिल २०१७ मध्ये राष्ट्रीय धोरण जाहीर झाले आणि ‘अस्हाब अल-हिमम’, इंग्रजीत ‘पीपल ऑफ डिटर्मिनेशन’, हा शब्दप्रयोग सरकारी भाषेत रूढ झाला. त्याच वर्षी १ जुलैपासून लागू झालेल्या वाहतूक नियमांच्या ठराव क्रमांक १७८ ने राखीव जागेत गाडी लावणाऱ्याला १,००० दिरहम दंड आणि सहा ब्लॅक पॉइंट अशी तरतूद केली. वर्षभरात असे २४ पॉइंट जमले की वाहन परवाना निलंबित होतो. १,००० दिरहम म्हणजे वीस हजारांहून अधिक रुपये. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खालचा सर्वसाधारण दंड पहिल्या वेळी ५०० रुपये आहे. दुबईत रात्री दहा ते सकाळी आठ आणि रविवारी पार्किंग मोफत असले, तरी ती सूट केवळ शुल्कापुरती असते. निळी जागा त्या वेळेतही राखीवच राहते. हा फरक अनेक जुन्या रहिवाशांनाही माहीत नसतो, किंवा माहीत असूनही सोयीने विसरला जातो.

तरीही दंड भरणारा घुसखोर हा या प्रश्नाचा सोपा भाग आहे. तो दिसतो, त्याची गाडी नोंदवता येते. कठीण भाग आहे तो खऱ्या परवान्याच्या खोट्या वापराचा.

दुबईत रस्ते व वाहतूक प्राधिकरण अपंग व्यक्तींना पार्किंगचा परवाना देते आणि परवानाधारकाला सार्वजनिक पार्किंगचे शुल्क माफ असते. सार्वजनिक पार्किंग चालवणारी ‘पार्किन’ कंपनी मार्च २०२४ मध्ये भांडवल बाजारात आली. तिची कॅमेरे बसवलेली तपासणी वाहने रस्त्यावरून जाता जाता नंबरप्लेट वाचतात. बनावट कागद काचेमागे ठेवण्याचे दिवस त्यामुळे मागे पडत चालले आहेत. परंतु यंत्राला नंबरप्लेट कळते; गाडीत कोण बसले आहे, हे कळत नाही. परवाना ज्या आजींच्या नावावर आहे त्या गाडीत आहेत, की त्यांचा नातू एकटाच व्यायामशाळेत निघाला आहे, हे कॅमेरा सांगू शकत नाही. परवाना व्यक्तीचा असतो, गाडीचा नव्हे, हे तत्त्व सर्वांना मान्य आहे. तपासणी मात्र गाडीचीच होते.

मराठी कुटुंबांच्या संदर्भात हा मुद्दा अधिक टोकदार आहे. अनेकांनी आईवडिलांना स्वतःच्या प्रायोजकत्वावर निवासी व्हिसा काढून दिलेला आहे. सर्वसाधारण निवासी व्हिसावर सलग सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास तो रद्द होतो. म्हणून ही ज्येष्ठ मंडळी काही महिने दुबईत आणि काही महिने पुण्यात किंवा कोल्हापुरात, अशी विभागून राहतात. गणपतीला घरी गेलेल्या आजी नाताळात परततात. मधल्या काळात त्यांच्या नावाचा परवाना मात्र चालूच असतो. तो वापरणाऱ्याला आपण काही चोरी करतो आहोत असे वाटत नाही, कारण कागद खरा असतो, आजार खरा असतो आणि आजीही खऱ्या असतात.

या मोहाला किंमतही आहे. ४ एप्रिल २०२५ पासून दुबईत वेळेनुसार बदलणारे पार्किंग दर लागू झाले. सकाळी आठ ते दहा आणि दुपारी चार ते रात्री आठ या गर्दीच्या वेळात प्रीमियम जागांसाठी तासाला सहा दिरहम, तर इतर सशुल्क जागांसाठी चार दिरहम. संध्याकाळचे चारच तास धरले आणि रविवार वगळून महिन्याचे २६ दिवस मोजले, तर चार दिरहमच्या दराने ४१६ दिरहम होतात. शुल्कमाफी ही अपंगांसाठी सवलत आहे हे खरे. पण दर जितका वाढेल तितका उसन्या परवान्याचा भावही वाढतो.

अमेरिकेत हे आधीच घडून गेले आहे. कॅलिफोर्नियाच्या राज्य लेखापरीक्षकांनी २०१७ मध्ये अपंगांच्या पार्किंग फलकांची छाननी केली. तेव्हा शंभरी पार केलेले सुमारे २६ हजार फलकधारक नोंदीत आढळले. राज्यात त्या वयाची माणसे मात्र अंदाजे आठ हजारच होती. मृतांच्या नोंदींशी पडताळणी केल्यावर सुमारे ३५ हजार नावे जुळली. म्हणजे माणूस गेला, तरी त्याची निळी सवलत कुटुंबात नांदत राहिली. त्यानंतर कायदा बदलून मृत्यूनोंदींशी पडताळणी आणि ठरावीक वर्षांनी पुन्हा अर्ज करणे बंधनकारक झाले. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात पार्किंगच्या अर्थशास्त्राचा आयुष्यभर अभ्यास करणारे डोनाल्ड शूप यांचे म्हणणे त्याहून मूलगामी होते. राखीव जागा आणि मोफत जागा या दोन गोष्टी वेगळ्या करा, असे ते सांगत. मिशिगनने १९९५ मध्ये हेच केले. शुल्कमाफी फक्त मीटरपर्यंत पोहोचणे किंवा नाणे टाकणे ज्यांना शारीरिकदृष्ट्या अशक्य आहे त्यांनाच ठेवली, इतरांना राखीव जागा मिळे पण शुल्क भरावे लागे. राज्यात आधी पाच लाख फलक होते. विशेष फलकासाठी अर्ज आले सुमारे दहा हजार. दुबईत शुल्क फोनवरून भरता येते, त्यामुळे हा धडा जसाच्या तसा लागू होणार नाही. अपंगत्वाचा खर्च मीटरपुरता नसतो, हा आक्षेपही रास्त आहे. तरी त्या दोन आकड्यांमधली दरी दुर्लक्षिण्यासारखी नाही.

महाराष्ट्राला या विषयावर इतरांना शिकवण्याचा अधिकार फारसा उरलेला नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि कलम ९१ नुसार खोटेपणाने सवलत लाटणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. तरतूद कागदावर भक्कम आहे. २०२४ च्या जुलैत परिविक्षाधीन अधिकारी पूजा खेडकर यांचे प्रकरण पुण्यातून उभे राहिले, ते खासगी गाडीवरच्या अंबर दिव्यापासून. पुढे त्यांच्या अपंगत्व प्रमाणपत्रांवर प्रश्न उपस्थित झाले, ३१ जुलैला लोकसेवा आयोगाने त्यांची उमेदवारी रद्द केली आणि सप्टेंबरमध्ये केंद्राने त्यांना सेवेतून मुक्त केले. त्यांनी आरोप नाकारले आहेत आणि वाद न्यायालयात गेला. निकाल काहीही लागो, त्याचा एक परिणाम मात्र तेव्हापासून दिसू लागला. खऱ्या प्रमाणपत्रधारकांकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले.

हाच संशय निळ्या जागेवरही पसरतो आणि त्याचा फटका ज्यांचे अपंगत्व दिसत नाही त्यांना बसतो. हृदयरोग, फुप्फुसांचा विकार, डायलिसिसनंतरचा थकवा यांपैकी काहीही बाहेरून ओळखू येत नाही. इंग्लंडने ऑगस्ट २०१९ मध्ये ब्लू बॅजचे निकष अदृश्य अपंगत्वापर्यंत वाढवले, ते याच कारणाने. गाडीतून उतरून चालत गेलेल्या माणसाचा फोटो काढून इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणारा शेजारी स्वतःला जागरूक नागरिक समजतो. पण परवाना खरा आहे की नाही हे त्यालाही कॅमेऱ्याइतकेच ठाऊक असते. शिवाय अमिरातीत परवानगीविना कुणाचा फोटो पसरवणे हा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो.

तपासणीचा दुसरा मार्ग तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. परवानाधारक देशाबाहेर गेला की विमानतळावर त्याची नोंद होतेच. ती नोंद पार्किंगच्या परवान्याशी जोडली, तर आजींचे विमान पुण्याकडे निघताच सवलत थांबवता येईल आणि त्या परतताच पुन्हा सुरू करता येईल. प्रश्न उरतो तो, अपंग व्यक्तीच्या येण्याजाण्यावर इतरांपेक्षा अधिक पाळत ठेवणे कितपत न्याय्य आहे, हा. तोपर्यंत निर्णय घरातच व्हायचा आहे. आजींना विमानतळावर सोडून परत येताना मनखूलच्या गल्लीत ती निळी जागा रिकामी दिसते आणि गाडीत एकटा नातू असतो.