पावसाळ्याचा हिशेब धरा


‘कॅम्पर व्हॅनच्या छतावर 200 वॉटचे पॅनेल पुरे’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे जत-आटपाडीच्या उन्हाळ्यात खरे. जुलैत कोयनानगर-महाबळेश्वरला मुळीच नाही. छोटा फ्रिज, पंखा, दिवे, मोबाइल यांना दिवसाला साधारण 600 वॉट-तास लागतात. कडक उन्हात हे पॅनेल 800 पर्यंत देते, दाट ढगांत जेमतेम दीड-दोनशे. झाडाची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी वीज झपाट्याने घटते.

म्हणून आधी वापर मोजावा. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी दोन दिवस निभावते. चालत्या इंजिनावर ती भरणारा डीसी-डीसी चार्जर मात्र हवाच. घाटातल्या पावसात तोच खरा आधार. पॅनेल घेणाऱ्यांनी विक्रेत्याला जुलैचा आकडा जरूर विचारावा.

– एक वाचक, सातारा