दशम्या ते थाळी

राज्य शासनाच्या बहुतेक कचेऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि सरकारी नोकराच्या हाती शनिवार-रविवार अशी सलग दोन दिवसांची सुट्टी आली. (शिक्षकांच्या नशिबी शनिवारची सकाळची शाळा अद्याप आहेच, त्यांनी पुढील मजकूर दुपारनंतरचा समजून वाचावा.) या दोन दिवसांचे काय करावयाचे, याचे एक उत्तर मध्यमवर्गाने अलीकडे शोधून काढले आहे. शुक्रवारी रात्री निघावे, एखादे शहर गाठावे आणि तेथे जेवावे. देवदर्शन, किल्ला, वस्तुसंग्रहालय ही जोडकामे. मुख्य कार्यक्रम जेवणाचा. मुंबई-पुण्याच्या मंडळींनी या कामी पसंत केलेल्या शहरांत कोल्हापूरचा मान फार वरचा आहे. रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसावे, सकाळी कोल्हापुरास उतरावे आणि थेट मिसळीच्या दुकानापुढील रांगेत उभे राहावे, हा क्रम आता अनेकांच्या अंगवळणी पडला आहे.

केवळ खाण्यासाठी गावोगाव हिंडणे ही चैन, असे म्हणून नाक मुरडणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. आम्ही त्यांच्यातले नव्हे. एखाद्या शहराचे लोक सकाळी काय खातात, दुपारी कोठे बसतात, कशाला किती पैसे मोजतात, हे पाहिले तर त्या शहराविषयी जे कळते ते मार्गदर्शक पुस्तिकेत सापडत नाही. आमची तक्रार निराळी आहे. ही मंडळी कोल्हापुरात जाऊन कोल्हापूरकरांबरोबर जेवत नाहीत. ती एकमेकांबरोबर जेवून परत येतात.

या तक्रारीस थोडी पार्श्वभूमी आहे. दोन-तीन पिढ्यांपूर्वी अंबाबाईच्या दर्शनास निघालेल्या कुटुंबाच्या सामानात दशम्यांची पुरचुंडी असे. बरोबर शेंगदाण्याची चटणी, एखादे लोणचे, मुलांसाठी गुळांबा. बाहेरचे खाणे परवडत नसे हे त्याचे एक कारण होते, परंतु ते एकमेव नव्हे. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजविले की ती दशमी प्रवासात चालते, सोवळ्याला फारसा बाध येत नाही, असा संकेत होता. म्हणजे प्रश्न भुकेचा होता तसाच कोणाच्या हातचे खावयाचे याचाही होता. परगावी जाऊन परक्याने रांधलेले, परक्यांच्या शेजारी बसून खाणे, हे आज आपण ज्याची आगाऊ आखणी करतो ते सुख, तेव्हा बहुतेकांना निषिद्ध होते आणि ज्यांच्या हातचे कोणी खातच नसे अशांना तर उपाहारगृहाची पायरीही चढता येत नसे.

हे बदलण्याची एक मोठी धडपड कोल्हापुरातच झाली, हे तेथे जेवावयास जाणाऱ्याने विसरू नये. शाहू महाराजांच्या पदरी असलेल्या गंगाराम कांबळे या अस्पृश्य सेवकाला, सवर्णांच्या पाण्याला शिवल्याच्या आरोपावरून मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केलेच, शिवाय गंगारामांना साहाय्य देऊन स्वतंत्र धंदा काढावयास सांगितले. त्यांनी चहाचे दुकान काढले. ते चालावे कसे? अस्पृश्याच्या हातचा चहा पिण्यास कोणी येईना. तेव्हा महाराज स्वतः आपली गाडी दुकानापुढे उभी करून चहा मागवू लागले आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही तो पाजू लागले. छत्रपतीने प्यालेला चहा नाकारण्याची छाती कोणाची होणार? १९१९ साली सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता न पाळण्याविषयी करवीर संस्थानात हुकूम निघाले. परंतु कागदावरचा हुकूम आणि रस्त्यावरचा चहाचा पेला यांपैकी शहराच्या आठवणीत पेला अधिक राहिला आहे.

त्याच काळात शाहू महाराजांनी वसतिगृहांची मालिका सुरू केली. १९०१ साली निघालेल्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून पुढे निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली आणि खेड्यापाड्यांतील मुले शिकण्यासाठी शहरात आली. पुढे शाळा-महाविद्यालये वाढली, कचेऱ्या वाढल्या. शिकणारी मुले, बदलीवर आलेले कारकून, एकटे राहणारे शिक्षक यांची जेवणाची सोय खाणावळीने केली. आज आपण ज्याला कोल्हापुरी जेवण म्हणतो त्याची घराबाहेरची खरी शाळा ही खाणावळ होय. तिचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. पश्चिम महाराष्ट्रात रस्त्याने जाताना ‘मराठा खाणावळ’, ‘लिंगायत खाणावळ’ अशा पाट्या आजही दिसतात, आणि त्या कशाच्या स्मारक आहेत हे सांगावयास नको. तथापि पाटी काहीही असली तरी पैसे देणाऱ्यास आत जागा मिळू लागली, आणि एका बाकावर कोण कोण बसले आहे हे विचारणे हळूहळू थांबले. आता पुन्हा आपण आपापल्या बाकांकडे चाललो आहोत की काय, अशी शंका येते. फरक इतकाच की या वेळची वाटणी पाहुणा आणि गावकरी अशी आहे.

पाहुण्याच्या हातात चार-पाच नावांची यादी असते. अमक्या ठिकाणची मिसळ, तमक्या ठिकाणची मटणाची थाळी. ही ठिकाणे वाईट असतात असे नव्हे; बहुतेकांनी आपले नाव कष्टाने मिळविलेले असते. परंतु सगळी यादी एकच असली की सगळे पाहुणे एकाच दारात उभे राहतात. मागे एका रविवारी आम्हीही असे उभे राहिलो. दीड तासाने आत प्रवेश मिळाला. थाळीत वाट्यांची संख्या भरपूर, तांबड्या रश्शावर तेलाचा जाड थर, पांढऱ्या रश्शाला दाटपणा कशाचा होता कोण जाणे, आणि मागे उभ्या असलेल्या पुढच्या गिऱ्हाइकाची नजर आमच्या ताटावर. आजूबाजूस कान दिला तर एकही माणूस कोल्हापुरी बोलीत बोलत नव्हता. वाढणाराही नाही. पुण्यात बसून हेच जेवण याहून निवांत जेवता आले असते.

दुसऱ्या दिवशी एका परिचिताने बाजारपेठेच्या मागच्या बोळातील खाणावळीत नेले. चार बाकडी, भिंतीवर कॅलेंडर, आणि चुलीशी एक मावशी. रस्सा आला तो डोळ्यांत पाणी आणणारा नव्हता. आधी मसाल्याचा वास आला, मग चव, आणि तिखटपणा सर्वांत शेवटी. आम्ही पाण्याचा पेला उचललेला पाहून मावशी म्हणाल्या, ‘‘काय पाव्हणं, लै तिखट झालं व्हय? पांढरा घ्या की वाईच.’’ पांढरा रस्सा तिखटावर उतारा म्हणूनच जणू दुसऱ्या वाटीत असतो, हे त्या दिवशी जिभेला कळले. मटणाचा अळणी काढा, त्यात नारळाचे दूध, खसखस, तीळ असा त्याचा सौम्य संसार. दोन्ही रश्शांचे मूळ एकाच पातेल्यातील अळणी. एकाला कांदा-लसणाची चटणी मिळते, दुसऱ्याला नारळ.

ही चटणी म्हणजे वर्षाची बेगमी. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, मसाले भाजून, कांदा-लसूण-खोबरे घालून ती डंकावर कुटून आणतात आणि वर्षभर पुरवितात. रंगासाठी ब्याडगी, ठसक्यासाठी गडहिंग्लज-संकेश्वर भागातील संकेश्वरी. प्रत्येक घराचे प्रमाण वेगळे आणि ते शेजारणीलाही पुरतेपणी सांगितले जात नाही. हे समजल्यावर, राज्यभराच्या हॉटेलांतील भोजनपत्रिकांवर ‘व्हेज कोल्हापुरी’ नावाचा जो लालभडक पदार्थ असतो त्याची कीव येते. कोल्हापूरच्या घरात तो कोणी रांधत नाही. एका शहराच्या नावाचा अर्थ केवळ ‘झणझणीत’ एवढाच उरावा, आणि मग तीच समजूत घेऊन येणाऱ्या पाहुण्यांसाठी त्या शहरातील हॉटेलवाल्यांनीही मिरचीचा हात सढळ सोडावा, असा हा उलटा प्रवास आहे.

तेव्हा आखणी करावयाचीच असेल तर नावांची न करता वेळेची करावी. कोल्हापूर हे घड्याळावर जेवणारे शहर आहे. मिसळ सकाळची, मोड आलेल्या मटकीवर कट ओतलेली, आणि सोबत लादीपावाऐवजी ब्रेडच्या कापा. ती दुपारी मागणे म्हणजे उरलेला कट मागणे. कामाला जाणारी माणसे ज्या दुकानात उभ्याने खाऊन पंधरा मिनिटांत बाहेर पडतात ते दुकान निवडावे. नाव यादीत नसले तरी बिघडत नाही. मटणाचे जेवण दिवसाकाठी एकच असावे. शनिवारी पुष्कळ घरांत सामिष वर्ज्य असते, श्रावणातही. त्या दिवशी भाकरी, झुणका, वांगे, खर्डा मागावा आणि त्याला दुय्यम समजू नये. संध्याकाळी गंगावेशीच्या बाजूस जावे. तेथे दुधाच्या कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दूध पेल्यात देतात. तालमीतील पोरे, म्हातारे, दुकान बंद करून आलेले व्यापारी असे सगळे तेथे एकाच रांगेत असतात. ज्या शहराच्या राजाने रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून आल्यावर खासबागेचे कुस्तीचे मैदान उभारले (ते १९१२ साली पूर्ण झाले), त्या शहरात दुधाचा पेला हा साधा पदार्थ राहत नाही. मात्र धारोष्ण दूध सर्वांच्या पोटास मानवतेच असे नाही. तापविलेले मागण्यात कमीपणा मानू नये.

ऋतूचेही तसेच. गूळ खावयाचा तर गुऱ्हाळे पेटलेली असताना, म्हणजे दिवाळीनंतरच्या थंडीत जावे. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण गुऱ्हाळघरे साखर कारखान्यांपुढे कमी होत चालली आहेत. शहराबाहेर एखाद्या गुऱ्हाळावर उभे राहून गरम काकवी चाखली, आणि मळी कशी काढतात, पाक वाफ्यात कसा ओततात हे मुलांना दाखविले, तर त्या दिवशी एक जेवण कमी झाले तरी चालण्यासारखे आहे. ढेप घ्यावी. फार पिवळाधमक गूळ दिसला तर दोन प्रश्न विचारावेत.

कोणी म्हणेल, बोळातील खाणावळीत स्वच्छता नसते. काही ठिकाणी नसते हे खरे आहे, आणि अशा ठिकाणाहून उठून यावे. गरिबीला साजेसा म्हणून घाणेरडेपणा गोड मानण्याचे कारण नाही. परंतु नावाजलेल्या हॉटेलचे स्वयंपाकघर तरी आपण कोठे पाहिलेले असते? दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पाहुण्यांनी खाणावळी शोधून काढल्या की त्यांच्याही याद्या होतील, दर वाढतील आणि मासिक पास काढून जेवणारा विद्यार्थी बाहेर पडेल. हे घडतानाही दिसते. एकेकाळची खाणावळ ‘स्पेशल थाळी’ लावते, शनिवार-रविवार पासवाल्यांना लवकर उरकावयास सांगते, आणि मग एक दिवस पास बंद होतात. भाकरीचे पीठ, मटण, गॅस सारेच महागलेले असताना मालकाला दोष देता येत नाही. पाहुणा एका ताटाचे जे देतो ते पासवाल्याकडून मिळत नाही. परंतु ज्या मुलाची परीक्षा सोमवारी आहे त्याचे ताट आपल्या सहलीसाठी मागे सरकू नये, एवढी जाणीव पाहुण्याने ठेवावयास हरकत नाही. पासवाल्यांची गर्दी ओसरल्यावर, दोनच्या सुमारास जावे. जे शिजले असेल ते जेवावे, नसलेले मागू नये. छायाचित्रे काढीत बाकडे अडवून बसू नये. आणि ठिकाण आवडले तर त्याचा डांगोरा पिटण्याऐवजी पुढच्या वेळी पुन्हा तेथेच जावे. मावशी ओळखतात, आणि ओळख पटलेल्या पाहुण्याच्या ताटात कधी कधी यादीत नसलेले काही येऊन पडते.

एक व्यावहारिक सूचना राहिली. रविवारी संध्याकाळी बहुतेक खाणावळींना सुट्टी असते. त्या वेळी पासवाली मुले खासबागेकडे भेळ खावयास किंवा रंकाळ्याच्या काठी पाय मोकळे करावयास जातात. परतीची गाडी रात्रीची असल्याने पाहुण्यालाही तोवर दुसरे काम नसते. पिशवी खांद्याला लावून त्याने त्यांच्यामागोमाग जावे.