घरचें पोर परक्या अंगणांत

आमच्यासारख्या निवृत्त संस्कृत मास्तरानें फुटबॉलवर लेखणी चालवावी हें पाहून कित्येक वाचकांस हंसूं येईल. आमचें बाळपण आट्यापाट्या आणि हुतुतू यांत गेलें. पायानें चेंडू लाथाडण्यांत काय पुरुषार्थ आहे हें आम्हांस अजूनही पुरतें उमगलेलें नाहीं. परंतु हल्लीं घरोघरचीं नातवंडें रात्रीं उशिरांपर्यंत जागून विलायतेंतील सामने पाहतात, आणि एखादा लाडका तरुण खेळाडू क्लब सोडूं पाहतो असें कळलें कीं, जणूं घरचेंच माणूस पळून गेलें अशा आवेशानें संतापतात. ‘कृतघ्न’, ‘विकला गेला’ हे शब्द आम्हीं आमच्याच माजघरांत ऐकले. हा संताप मूळचा कोणाचा आणि कशाचा, हें पाहावें म्हणून अशा एका गाजलेल्या प्रकरणाची हकीकत आम्हीं साद्यंत वाचून काढिली. तें प्रकरण वेन रूनी याचें.

इंग्लंडांतील लिव्हरपूल शहरांत दोन मोठे क्लब आहेत. एक शहराच्याच नांवाचा, तांबड्या सदऱ्याचा. दुसरा एव्हर्टन, 1878 सालीं स्थापन झालेला, निळ्या सदऱ्याचा. तेथील कुटुंबांत क्लब हा निवडावयाचा नसतो. आपल्याकडे कुलदैवत जसें बापाकडून मुलाकडे येतें, तसा तो येतो. रूनी हा क्रॉक्स्टेथ नांवाच्या कामकरी वस्तींतला, 24 ऑक्टोबर 1985 चा जन्म. सारें घर निळें. नऊ-दहा वर्षांचा असतांनाच एव्हर्टननें त्यास आपल्या शिकाऊ मुलांत घेतलें. 2002 सालीं तरुणांच्या चषकाच्या अंतिम फेरींत त्यानें गोल केला आणि वरचा सदरा उचलून आंतला दाखविला. त्यावर लिहिलें होतें कीं, एकदां जो निळा, तो सदाचाच निळा.

सोळा वर्षांच्या मुलानें छातीवर लिहिलेलें वाक्य म्हणजे प्रतिज्ञापत्र नव्हे, हें कोणत्याही मास्तरास ठाऊक असतें. लोकांनीं मात्र तें खतासारखें जपून ठेविलें.

पुढें त्याच वर्षीं 19 ऑक्टोबरला आर्सेनलशीं सामना झाला. आर्सेनल त्यापूर्वीं लागोपाठ 30 सामन्यांत हरला नव्हता. शेवटच्या मिनिटास रूनीनें लांबून असा चेंडू मारिला कीं, सीमनसारखा नाणावलेला गोलरक्षक पाहतच राहिला. सतरावा वाढदिवस अद्याप पांच दिवस दूर होता! एव्हर्टनच्या पदरीं त्या काळीं अभिमान बाळगण्यासारखें फारसें नव्हतें. शेवटचा मोठा चषक 1995 सालचा. अशा घरांत असा मुलगा निपजल्यावर लोकांनीं त्यास डोक्यावर घेतलें, यांत नवल काय? विकत आणलेल्या खेळाडूचें कौतुक निराळें आणि हें निराळें. तो आपल्याच आळींतला, आपल्याच शाळेंतला. आपल्या अंगीं असतें तर आपणही असेच खेळलों असतों, हें समाधान त्यानें हजारों लोकांस मिळवून दिलें होतें.

मग 2004 साल उजाडलें. एव्हर्टन वीस संघांत सतरावा आला. इकडे रूनी इंग्लंडतर्फे पोर्तुगालांत युरोपीय स्पर्धेंत खेळला, चार गोल केले, आणि पायाचें हाड मोडून घरीं परतला. क्लबानें अधिक वेतनाचा नवा करार पुढें ठेविला. तो त्यानें पत्करिला नाहीं. ऑगस्टच्या अखेरीस त्यानें क्लब सोडण्याचा लेखी अर्ज दिला, आणि 31 तारखेस, देवघेवीची मुदत संपण्याच्या दिवशीं, तो मॅंचेस्टर युनायटेडचा झाला. किंमत 2 कोटि पौंड. पुढील अटी पुऱ्या झाल्यास 2 कोटि 70 लक्षांपर्यंत. त्या वेळीं त्यास एकोणीसही पुरीं झालीं नव्हतीं.

येथें आमच्या शिक्षकी डोळ्यांस एक गोष्ट दिसली, ती सांगितल्यावांचून राहवत नाहीं. एव्हर्टनच्या मुद्रेवर एक लॅटिन ब्रीदवाक्य आहे: ‘निल सॅटिस निसि ऑप्टिमम’. लॅटिन ही संस्कृताची दूरची बहीण असल्यामुळें अर्थ लावण्यास फार कष्ट पडत नाहींत: सर्वोत्कृष्टाहून कमी तें पुरेसें नव्हे. आतां सांगा, ज्या शाळेनें मुलाच्या छातीवर हें वाक्य आठ-नऊ वर्षें मिरवावयास लाविलें, त्या शाळेचा विद्यार्थी सतराव्या क्रमांकावर समाधान मानून कसा राहील? त्यानें धडा विसरला असें लोक म्हणाले. आम्हांस वाटतें, त्यानें तो फारच शब्दशः घेतला.

परंतु लोकांचा राग नुसत्या जाण्याचा नव्हता. कोठें गेला, याचा होता. लिव्हरपूल आणि मॅंचेस्टर यांत अंतर सुमारें तीस मैलांचें. 1830 सालीं या दोन शहरांस जोडणारा लोहमार्ग सुरू झाला तो सर्व जगांत कौतुकाचा विषय झाला. आणि 1894 सालीं मॅंचेस्टरनें समुद्रापर्यंत स्वतःचा कालवा खणून लिव्हरपूलच्या बंदराची मिरास मोडली, तेव्हांपासून शेजाऱ्यांचें हाडवैर अधिकच पिकलें. स्पेनांत गेला असता तर लोक हळहळले असते आणि त्याचे सामने दूरून पाहिले असते. आपल्या घरांतून वेगळें काय घडतें? मुलगा नोकरीसाठीं सातासमुद्रांपलीकडे जातो तेव्हां आपण पेढे वाटतों. तोच मुलगा दोन गल्ल्या पलीकडे वेगळें बिऱ्हाड करतों म्हणाला तर चार दिवस घरांत कोणी नीट जेवत नाहीं. दूर जाण्यास ‘उत्कर्ष’ म्हणतां येतें. जवळ जाण्यास काय म्हणावयाचें?

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे निरोपाचे विधि आहेत. गुरुगृहांतून निघतांना समावर्तन, मुलगी सासरीं निघतांना पाठवणी, आणि परगांवीं निघालेल्याच्या हातावर निदान चमचाभर दहीं. दुःखास बाहेर पडण्यास एक दार असतें. रूनीचा पाय जूनपासून जायबंदी होता. निरोपाचा सामना झाला नाहीं, दोन शब्द झाले नाहींत. कागदावर सह्या झाल्या आणि निळ्यांतला मुलगा तांबड्यांत उभा राहिला. महिनाभरांत, 28 सप्टेंबरला, त्यानें नव्या संघाच्या पहिल्याच सामन्यांत तुर्कस्तानच्या फेनर्बाचेवर तीन गोल केले. जखमेवर मीठ म्हणतात तें हेंच.

दाबलेला निरोप मग फेब्रुवारी 2005 मध्यें बाहेर पडला. चषकाच्या सामन्यासाठीं तो गुडिसन पार्कवर परत आला, तेव्हां ज्या प्रेक्षकांनीं त्यास डोक्यावर घेतलें होतें त्यांनींच प्रत्येक वेळीं त्याच्या पायाशीं चेंडू येतांच हुर्यो केली. त्याचेंच वाक्य उलट फिरवून फलकांवर लिहिलें. कोणीं तरी नाणीं फेंकलीं. त्यांतलें एक मॅंचेस्टरच्या गोलरक्षकास लागलें, ज्याचा या भाऊबंदकीशीं कांहीं संबंध नव्हता. हुर्योबद्दल आम्ही प्रेक्षकांस फार दोष देणार नाहीं. नाणें फेंकणाऱ्यास मात्र वर्गाबाहेरच उभें केलें पाहिजे.

एव्हर्टननें तो सामना 0–2 असा गमावला. पण त्या वर्षीं रूनीवांचून तो क्लब चौथा आला, आणि एप्रिलांत त्याच मैदानावर मॅंचेस्टरला 1–0 नें हरवून त्यानें आपलें मन शांत करून घेतलें. क्लबाचें नुकसान झालें असें म्हणण्यास फारशी जागा नाहीं. रक्कम पदरांत पडली होती. खेळाडूचेंही झालें नाहीं: पांच वेळां अजिंक्यपद, 2008 सालीं युरोपचा चषक, आणि 253 गोल करून त्या क्लबाचा विक्रम. मग गमावलें कोणीं? आम्हीं ज्या प्रश्नानें आरंभ केला त्याचें उत्तर आम्हांस येथें सांपडतें. खेळाडूस करार असतो, दलाल असतो, पंधरा-सोळा वर्षांचें आयुष्य असतें. तीं फुकट घालवूं नयेत हा त्याचा हक्क आम्ही पूर्णपणें मान्य करितों. क्लबास तिजोरी असते. ज्यास कांहींच नसतें, तो प्रेक्षक. त्यास बदलीचा अर्ज कोणाकडे करतां येत नाहीं. संघ सतरावा येवो कीं विसावा, पुढच्या शनिवारीं त्यास त्याच बांकावर, बहुधा बापाच्या शेजारीं, जाऊन बसावयाचें असतें. जो जाऊं शकत नाहीं तो जाणाऱ्यावर रागावतो. घरांत मागें राहिलेला थोरला भाऊ आईबापांचीं औषधें आणतो आणि धाकट्याच्या पत्रास उत्तर धाडीत नाहीं, त्या रागांत आणि या रागांत आम्हांस तरी फरक दिसत नाहीं. त्यास मत्सर म्हणून हिणविणें अन्यायाचें होईल. तो सेवेचा हिशेब आहे, फक्त मागावयाचा कोणाकडे हें ठरलेलें नाहीं.

रूनीनेंही ही भाऊबंदकी मिटावी म्हणून आरंभीं फारसें कांहीं केलें नाहीं. 2006 सालच्या आत्मवृत्तांत त्यानें जुने शिक्षक डेव्हिड मॉयेस यांच्यावर आक्षेप घेतले. त्यांनीं अब्रुनुकसानीचा दावा लाविला आणि 2008 सालीं माफी मागून प्रकरण मिटवावें लागलें. त्याच वर्षीं गुडिसनवर खेळतांना त्यानें प्रेक्षकांस डिवचण्यासाठीं तांबड्या सदऱ्यावरील चिन्हाचें चुंबनही घेतलें. तरुणपणाचा ताठा! पुढें 2013 सालीं मॉयेसच मॅंचेस्टरचे मुख्य झाले आणि रूनीस पुन्हां त्यांच्याच हाताखालीं खेळावें लागलें, तेव्हां दोघांसही एकमेकांकडे पाहतांना काय वाटलें असेल तें असो.

जुलै 2017 मध्यें तो एव्हर्टनला परत आला, वय एकतीस. त्या वेळीं त्यानें सांगितलें कीं, गेलीं तेरा वर्षें आपण हें गुप्त ठेविलें, परंतु घरीं निजतांना आपण एव्हर्टनचाच पायजमा-सदरा घालीत होतों. विलायती वर्तमानपत्रांनीं तें विनोदानें छापलें. आम्हांस तो विनोद वाटला नाहीं. ऑगस्टांत स्टोकविरुद्धच्या सामन्यांत त्यानें डोक्यानें गोल केला, एव्हर्टन 1–0 नें जिंकला, आणि ज्या मैदानावर त्याची हुर्यो झाली होती तेथेंच लोक उभे राहून त्याच्या नांवाचा गजर करीत होते. वर्षभरानें, 2018 च्या उन्हाळ्यांत, तो पुन्हां क्लब सोडून अमेरिकेंतील वॉशिंग्टनच्या संघांत गेला. त्या दुसऱ्या जाण्यावर कोणी संतापल्याचें आमच्या वाचनांत आलें नाहीं.