म्हणे, औषधांवर ठेव!

"कुत्र्याच्या लिव्हरचं ऑपरेशन? काहीतरीच! औषधांवर ठेव की." गेले महिनाभर हे इतक्या नातेवाइकांकडून ऐकलंय की म्हटलं, सगळ्यांना एकदाच इथे उत्तर देऊन टाकावं.

आधी दुखणं समजून घ्या. आतड्यांतलं रक्त यकृतातून गाळून पुढे जायला हवं. यॉर्की, माल्टीज, शिह त्झू अशा छोट्या जातींच्या काही पिलांत जन्मतःच एक जादाची शीर असते. ती यकृताला वळसा घालून ते रक्त तसंच पुढे सोडते. अमोनिया थेट मेंदूपर्यंत! यकृत खुरटतं, पिलू वाढत नाही, मटण-चिकन खाल्लं की झिंगल्यासारखं चालतं, भिंतीला डोकं टेकून उभं राहतं. आणि आपण म्हणतो, "कित्ती छोटुसं राहिलंय!"

लॅक्ट्युलोज, अँटिबायोटिक, बेताची प्रथिनं हे सगळं लागतंच, ऑपरेशनच्या आधीसुद्धा. पण त्याने आडवाट बंद होत नाही.

बरं, ती शीर एकदम बांधूनही बऱ्याचदा चालत नाही. खुरटलेल्या यकृताला तो लोंढा झेपत नाही, दाब वाढून कुत्रं दगावू शकतं. म्हणून शिरेभोवती एक कडं बसवतात. बाहेरून स्टील, आत केसीन. (हो, दुधातलंच केसीन!) ते पाणी शोषून फुगतं आणि काही आठवड्यांत वाट हळूहळू बंद होते. सेलोफेनची पट्टीही वापरतात. ज्याने कुणी हे शोधलं त्याला माझा दंडवत.

धोका आहेच. काहींना नंतर फिट्स येतात, काही जातात. पण २०१४ साली ब्रिटनमधल्या पशुवैद्यांनी औषधांवरची आणि ऑपरेशन झालेली कुत्री ताडून पाहिली, तेव्हा ऑपरेशनवाली जास्त जगली आणि त्यांचा त्रासही कमी राहिला. निदानाच्या वेळच्या वयाने जगण्यात फरक पडला नाही. तेव्हा "आता चार वर्षांची झाली, कशाला?" हेही कृपया पुरे.

खर्च परवडत नाही, हे मला समजतं. ज्यांना खरंच परवडत नाही त्यांनी औषधांवर ठेवावं, त्यात लाज नाही. पण "कुत्र्यावर कशाला एवढे?" म्हणणाऱ्यांनी तेच कुत्रं किती हजारांना घेतलं ते आठवावं.

आणि राग काढायचाच तर पिलं विकणाऱ्यांवर काढा. यॉर्की, माल्टीज अशा जातींत हा दोष घराण्यात उतरतो. जेवणाआधी आणि नंतर बाइल अॅसिडची रक्ततपासणी केली की पिलात तो बहुतेक वेळा कळतो. आमच्या विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, "मॅडम, परत आणा, दुसरं पिलू बदलून देतो." त्याच आईचं.