पायाचे दगड विसरू नका

मेक्सिकोच्या युकातान प्रांतात जाणारा पर्यटक चिचेन इत्सा येथील कुकुल्कानच्या पिरॅमिडसमोर थक्क होतो. चारही बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या आणि माथ्यावरची एक, अशा एकूण ३६५. शून्याची संकल्पना स्वतंत्रपणे जाणणाऱ्या माया समाजाने वर्षाची गणनाच दगडात बांधली. पुढे हा पर्यटक इझामालचा पिवळा, देखणा ख्रिस्ती मठ पाहतो, छायाचित्रे काढतो आणि परततो. पण या दोन वास्तूंमधील नाते त्याच्या ध्यानी येते काय?

इझामालचा मठ माया देवस्थानाच्या जोत्यावर उभा आहे आणि त्यासाठी दगडही जुन्या वास्तूंचेच वापरले गेले. १५४२ मध्ये स्थापन झालेले मेरिदा शहर तिहो या माया नगरीच्या जागी वसले. तेथील माँतेहो वाड्याच्या दर्शनी भागावर स्पॅनिश शिलेदार मस्तकांवर पाय रोवून उभे आहेत. विजेत्यांनी आपला हेतू लपविलेला नाही.

दगडांवर जे गुदरले, तेच ग्रंथांवर. १२ जुलै १५६२ रोजी मानी येथे दिएगो दे लांदा या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने माया मूर्ती व ग्रंथ अग्नीच्या स्वाधीन केले. आज माया लिपीतील चारच ग्रंथ ज्ञात आहेत. त्यांपैकी तीन ड्रेस्डेन, माद्रिद आणि पॅरिस येथे! दैवाचा खेळ असा की, त्याच लांदाने लिहून ठेवलेल्या वर्णमालेच्या आधारे १९५२ मध्ये युरी क्नोरोझोव्ह यांना या लिपीच्या वाचनाची दिशा सापडली.

म्हणून ते मठ पाडावेत काय? मुळीच नाही. आज त्यांत प्रार्थना करणारे बहुसंख्य लोक त्याच मायांचे वंशज आहेत आणि लाखो लोक अजूनही माया भाषा बोलतात. एका अन्यायाचे परिमार्जन दुसऱ्या विध्वंसाने होत नसते. मात्र सौंदर्याबरोबर सत्यही सांगितले गेले पाहिजे. पायातील दगडांचा उल्लेख टाळणारा इतिहास हा अर्धाच इतिहास होय.

गोमंतकाला ही कथा परकी नाही. मानीच्या त्या होळीपूर्वी दोनच वर्षे, १५६० मध्ये, गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाले. त्याच शतकात कुशस्थळीचा श्रीमंगेश पोर्तुगीज सत्तेबाहेर प्रियोळला नेण्यात आला. सुटीत गोव्याला जाणाऱ्या आपल्या कुटुंबांनी जुन्या गोव्यातील चर्च अवश्य पाहावीत. परंतु मंगेशीच्या सभामंडपात क्षणभर बसून देव येथे का आला, हे मुलांना सांगावे. द्वेष पेरण्यासाठी नव्हे, तर स्मृती जपण्यासाठी. स्मृती हरवलेल्या समाजाला आपल्याच घरात पर्यटक व्हावे लागते.