वेठ टाका, वाद्य टाकू नका



जातिविहीन समाजाची भाषा आपण नित्य बोलतो. तो समाज शंभर वर्षांनी येवो की दोनशे वर्षांनी, त्याच्या उदयाविषयी आपल्या मनात संशय नाही. परंतु त्या समाजात हलगी कोण वाजवील, दोर कोण वळील, वीणेचा भोपळा कोण कोरील, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. त्याचे उत्तर आजच दिले पाहिजे. कारण नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या घरातील तरुण आज लाजेपोटी जी विद्या टाकील, ती त्याच्या नातवाला पुन्हा मिळणार नाही.

कोरेगाव, खटाव, वाळवे या टापूतील जुनी गावव्यवस्था डोळ्यांपुढे आणा. मातंगाच्या घरी दोर वळला जाई, केरसुणी बांधली जाई आणि त्याच घरात हलगी, घुमके, कैताळ यांचा मेळ जमे. होलाराच्या घरी सनई पिढ्यान्पिढ्या चाले. एकच मनुष्य कारागीरही होता आणि वादकही. परंतु त्याला कलावंत म्हणून कोणी मान दिला नाही. त्याने वरातीपुढे वाजवीत चालावे आणि देवळाच्या पायरीखाली थांबावे. त्याचा सूर गाभाऱ्यात जाई, तो मात्र बाहेर उभा राही. त्याच्या श्रमाचा भाव दुसराच ठरवी आणि ‘आज वाजविणार नाही’ असे म्हणण्याची त्याला मुभा नव्हती. महारकीची कामेही अशाच वेठीची होती. ती वेठ मोडावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ ग्रामवतने १ ऑगस्ट १९५९ पासून रद्द झाली.

तेव्हा वेठ टाकली हे योग्यच झाले. त्याबद्दल कोणीही खंत बाळगू नये. परंतु वेठ निराळी आणि वाद्य निराळे. दास्य हलगीच्या कातड्यात नव्हते, ते हुकूम देणाऱ्याच्या अधिकारात होते. बाबासाहेबांची चळवळ खेडोपाडी कशाने पोहोचली? भाषणांनी पोहोचली, तशीच जलशांनीही पोहोचली. भीमराव कर्डक यांच्यासारख्या जलसाकारांनी आणि पुढे वामनदादा कर्डक यांनी गावकुसाबाहेरचीच वाद्ये हाती घेऊन समतेचा विचार माणसामाणसांत पेरला. वाळवे तालुक्यातील वाटेगावच्या मातंग घरात १९२० साली जन्मलेल्या अण्णाभाऊ साठ्यांनी तमाशाचा फड कामगारांच्या लढ्यासाठी उभा केला. स्वतः बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकण्याची हौस बाळगली. ज्या महापुरुषाने आपल्याला स्वाभिमान शिकविला, त्याला वाद्य हाती धरण्यात कमीपणा वाटला नाही. मग आपल्याला तो का वाटावा?

कोणी शंका घेईल की अष्टशीलात गीत-वादनापासून विरत राहण्यास सांगितले आहे. ते खरे आहे. परंतु तो उपोसथ पाळणाऱ्याचा त्या दिवसापुरता नियम आहे. उपासकाने कोणते व्यापार करू नयेत हे भगवंतांनी सांगितले आहे: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. त्या पाचांत वाद्य घडविणे नाही की वाजविणे नाही. शिवाय सोण नावाचा भिक्षू अतिकष्टाने खचला, तेव्हा भगवंतांनी त्याला वीणेचीच उपमा दिली. तार फार ताणली तरी वीणा नीट वाजत नाही आणि फार सैल सोडली तरी वाजत नाही. मध्यम मार्ग ज्या वस्तूच्या आधारे समजावला, ती वस्तू हीन कशी ठरेल?

धंदा जन्माला चिकटलेला नसतो, याचा पुरावा पाहावयाचा असेल तर कोरेगाव स्थानकावरून रेल्वेने मिरजेस जावे. तेथील सतार-तंबोऱ्याचे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे शस्त्रे घडविणारे व त्यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांची मागणी सरली, तेव्हा फरीदसाहेब यांच्यासारख्या कारागिरांनी भोपळा आणि लाकूड हाती घेतले. त्यांच्या वंशजांच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हात तेच राहिले, काम बदलले आणि कामाबरोबर कारागिराचे नावही वाढले.

संत रविदास हे चर्मकार, हातात आरी आणि मुखात गीत असलेले. त्यांनी ‘बेगमपुरा’ या दुःखरहित नगराचे चित्र रंगविले, जेथे कर नाही, भय नाही आणि कोणाला कोठे जाण्याची आडकाठी नाही. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या उगमावरील आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. त्या भावी नगरातील वादक कसा असेल? तो स्वेच्छेने वाजवील, आपला मोबदला आपण ठरवील, ज्या दारापुढे वाजविले त्या दारातून मानाने आत जाईल आणि कोणत्याही घरच्या मुलाला किंवा मुलीला आपली विद्या देईल.

या चार गोष्टींसाठी दोनशे वर्षे थांबण्याचे कारण नाही. राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीस बंदी केली आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अनुसूचित जातीच्या माणसाकडून वेठ करवून घेणे गुन्हा ठरविले आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही तो दर्जा आहे. तेव्हा कोणी ‘तुमचे वाजविण्याचे काम परंपरेचे आहे’ असे दरडावू लागला, तर त्याला हा कायदा दाखवा.

आणि आणखी एक गोष्ट ध्यानी घ्या. जे मातंग वा होलार बांधव आजही पोटासाठी वाजवितात, त्यांना आपण पुढे गेलो या ताठ्याने कमी लेखू नका. तो ताठा म्हणजे टाकलेली जातच मागच्या दाराने घरात येणे होय. त्यांना मानाने विहारात बोलवा, ठरलेला मोबदला आधी हातात द्या, पंगतीत शेजारी बसवा. घरात जुनी हलगी असेल तर तिला पान चढवा आणि वडीलधाऱ्यांच्या बोटांत जे उरले आहे ते मुलामुलींना शिकू द्या. जातिविहीन समाज एखाद्या दिवशी आकाशातून उतरणार नाही. तो आपण वादकाशी आणि कारागिराशी आज जसे वागू, तसाच घडेल.

जय भीम! नमो बुद्धाय!