सोंगं करू नकोस!

दिवाळीत सोनईला गेलो होतो. मामांनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय रे, पुण्यात शनिवारी रात्री पोरं जमवून राक्षसांचा खेळ खेळतोस म्हणे?" झालं! आठवड्याभरात जमत आलेलं स्थळ मोडलं. निरोप आला, "मुलगा चांगलाय, पण डोक्यात काहीतरी आहे."

काय असणार डोक्यात? एक जण गोष्ट रचतो, बाकीचे पात्रं होतात, नशिबाचं फासे ठरवतात. बस्स! 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला १९७४ साली. १९७९ मध्ये मिशिगनमधला एक विद्यार्थी गायब झाला, तर डिटेक्टिव्हनं संशय घेतला खेळावर. पोरगा जिवंत सापडला, खेळाचा संबंध नव्हता, तो आतून खचलेला होता. पण बदनामी चिकटली ती चिकटलीच.

अमेरिकेचं सोडा हो. आपल्याकडे बहुरूपी पोलीस होऊन दारात आला की आपण हसतो, पैसे देतो आणि वर पोरांना दटावतो, "सोंगं करू नकोस", "तमाशा करू नकोस". दुसऱ्याचं रूप घेणाऱ्यांची कला आपण शिवीसारखी वापरतो! आणि हेच मामा लक्ष्मीपूजनाच्या रात्री तीन पत्तीत पैसे लावतात, ती मात्र परंपरा. आमच्या फाशांवर रुपयाही लागत नाही राव!

खरी चूक माझी. बघायच्या कार्यक्रमात छंद विचारले, तेव्हा मी 'वाचन, ट्रेकिंग' सांगून मोकळा झालो. (ट्रेक? सिंहगड, दोनदा.) आता पहिल्याच भेटीत सांगणारे. असो, उद्या गेम आहे, मी म्हातारा जादूगार आहे. मामांना कळवू नका.